रिटेक, ग्रेड आणि आपली मुलं: अमेरिकेतल्या पब्लिक हायस्कूलचे अनुभव लिहा

मंडळी, गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला मुलाच्या खोलीत डोकावले तर गणिताची वही मिटलेली. दुसऱ्या दिवशी अल्जेब्रा टूची युनिट टेस्ट होती. "झाला अभ्यास?" म्हटलं, तर म्हणाला, "आई, रिटेक आहे ना. उद्या बघतो काय काय येतंय, मग नीट करीन." मुलगा दहावीत आहे, आळशी नाही, उद्धट तर अजिबात नाही. त्याच्या दृष्टीने तो शाळेचा नियम सांगत होता, की टेस्ट पुन्हा देता येते. पण मला त्या रात्री नीट झोप लागली नाही.

मी पुन्हा संधी देण्याच्या विरोधात नाही. माझ्या वर्गातली एक मुलगी दहावीला गणितात राहिली तेव्हा अख्ख्या वाड्याला ते कळलं होतं. ती ऑक्टोबरला बसली, सुटली, पुढे छान शिकली, पण "ऑक्टोबरवाली" हे बिरूद लग्नापर्यंत तिला चिकटून होतं. माझ्या मुलांच्या वाट्याला ते नको. तरीही "रिटेक आहे ना" या तीन शब्दांनी मी अस्वस्थ झाले आणि का, ते मला नीट सांगता येईना. इथे प्रत्येक डिस्ट्रिक्टचा, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचा, नियम वेगळा, कधी कधी एकाच शाळेतल्या दोन शिक्षकांचाही वेगळा. म्हणून विचारते. तुमच्याकडे रिटेकचा नियम काय आहे, दुसऱ्या वेळचे पूर्ण गुण धरतात की कमाल मर्यादा असते, आणि मुलांचं पुढे काय झालं? शिक्षक असाल तर जरूर लिहा. शाळेचं नाव नको, राज्य पुरे.

रसायनशास्त्राची शिक्षिका, टेक्सास

चौदा वर्षं हायस्कूलला शिकवते आहे, त्यामुळे जरा लांबेल.

आमच्याकडे उत्तीर्ण म्हणजे ७०. राज्याच्या शिक्षण कायद्यात डिस्ट्रिक्टच्या ग्रेडिंग धोरणाबद्दल एक कलम आहे. कामाचा दर्जा न बघता ठरावीक किमान गुण द्यायला शिक्षकाला भाग पाडता येत नाही, असं ते सांगतं, आणि नापास झालेल्या परीक्षेसाठी पुन्हा वाजवी संधी द्यायला मुभा देतं. ही संधी कशी द्यायची, ते डिस्ट्रिक्ट ठरवतो. आमच्या डिस्ट्रिक्टने ठरवलं की ७० च्या खाली गेलेल्यालाच रिटेक आणि दुसऱ्यांदा ९५ मिळाले तरी ग्रेडबुकात ७०.

कागदावर हे न्याय्य दिसतं. वर्गात काय होतं ते सांगते. एका मुलीला ७१ पडले. तिला काही समजलेलं नव्हतं, काही प्रश्नांत नशिबाने गुण मिळाले होते. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "मिस, मी दोन गुणांनी नापास झाले असते तर बरं झालं असतं ना?" तिला रिटेक देता येत नव्हता. शेजारच्या ६४ वाल्या मुलाने रिटेक देऊन ७० घेतले. दोघांच्या नावापुढे जवळपास सारखाच आकडा, पण त्याला आता "मोल" हे रसायनशास्त्रातलं एकक समजलं होतं आणि तिला नाही.

इथे "नो पास, नो प्ले" नावाचा नियम आहे, १९८४ च्या शिक्षणसुधारणेतला. एका जरी विषयात ७० च्या खाली गेलात, तर संघातून खेळता येत नाही, बँडमध्येही वाजवता येत नाही. त्यामुळे ग्रेड बंद होण्याच्या आठवड्यात माझ्या दाराशी रांग लागते. उंचपुरी फुटबॉलची मुलं बाकात कशीबशी मावून रिटेक देत असतात. पहिली काही वर्षं मी तोच पेपर आकडे बदलून द्यायचे. मग एकदा लक्षात आलं की ती मुलं उत्तराचा साचा पाठ करून येतात. लिमिटिंग रिएजंटच्या (अभिक्रियेत आधी संपणाऱ्या पदार्थाच्या) गणितात ग्रॅमचे मोल करायचे असतात, मग गुणोत्तर लावायचं. ती थेट ग्रॅमना गुणोत्तर लावायची, पहिल्या वेळीही आणि दुसऱ्या वेळीही. मी आकडे बदलत होते. त्यांची चूक मात्र होती तिथेच राहत होती.

मग मी करेक्शनचा कागद सक्तीचा केला. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तीन गोष्टी लिहायच्या: मी काय केलं, ते का चुकलं, आता कसं करीन. "सिली मिस्टेक" हे उत्तर चालत नाही, नेमकी कुठली चूक ते लिहायचं. तो कागद घेऊन माझ्यापुढे पाच मिनिटं बसायचं आणि मगच नवा पेपर. रांग निम्म्यावर आली. जे आले, त्यातले बहुतेक खरोखर शिकून आले. जे आले नाहीत त्यांची मला अजून काळजी वाटते, कारण त्यात खरी गरज असलेली मुलंही होती आणि त्यांना तो कागद भरताच येत नव्हता.

एक गोष्ट पालकांना दिसत नाही, ती म्हणजे माझ्याकडे दीडशेच्या आसपास मुलं आहेत. एका युनिटचे तीन वेगळे पेपर काढायचे, तपासायचे, कुणी कुठला दिला त्याची नोंद ठेवायची, आणि हे सगळं शाळा सुटल्यावर. माझा मुलगा लहान होता तेव्हा त्याने कित्येक संध्याकाळी माझ्या वर्गाच्या मागच्या बाकावर काढल्या.

आता इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, शाळा कॅलिफोर्नियात

मराठी लिहायची सवय कमी आहे, सांभाळून घ्या.

आमच्या शाळेत गणिताला अमर्याद रिटेक होते, पूर्ण गुणांनी. मी प्रीकॅल्कच्या (कॅल्क्युलसच्या आधीच्या गणिताच्या) प्रत्येक टेस्टला आधी "स्काउटिंग"ला जायचो, म्हणजे पेपर कसा येतो ते बघायला. खरा अभ्यास त्यानंतर. मला ए मिळाला आणि मी फसवणूक वगैरे केली नव्हती, नियमच तसा होता. कॉलेजात पहिल्या मिडटर्मला मला ४१ पडले. मी प्रोफेसरांच्या ऑफिस अवरला जाऊन विचारलं की हे सुधारायला काय करू. त्या अगदी चांगल्या स्वभावाच्या होत्या. म्हणाल्या, "फायनलचा अभ्यास कर." एवढंच.

मला शाळेचा राग नाही. त्या रिटेकमुळे मी गणिताला घाबरलो नाही आणि घाबरलो असतो तर इंजिनिअरिंगला आलोच नसतो. पण पेपर बघायच्या आधी स्वतःला तपासायचं कसं, हे मला येतच नव्हतं. बंद वहीने गणितं सोडवून बघायची, हे मी एकोणिसाव्या वर्षी शिकलो.

कॅलिफोर्नियातल्या पालकांसाठी एक माहितीचं. यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) ए-टू-जी, म्हणजे प्रवेशासाठी सक्तीच्या विषयांत किमान सी लागतो. डी किंवा एफ आला तर कोर्स पुन्हा करून तो सुधारता येतो. सी आला असेल तर मात्र पुन्हा केलेल्या कोर्सने जीपीए (ग्रेडची सरासरी) वाढत नाही. माझ्या मैत्रिणीला हे कौन्सेलरने फार उशिरा सांगितलं, तोवर तिची उन्हाळ्याची सुट्टी वाया गेली होती.

दोन मुलींचा बाबा, टेक्सास

शिक्षिकाताई, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, तरी आमची बाजू मांडतो. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये मर्यादा नाही, ज्याला हवा त्याला पूर्ण गुणांचा रिटेक. माझी थोरली पहिल्याच वेळी नीट अभ्यास करून जायची. ९२, ९३ मिळायचे. वर्गातली काही मुलं पहिल्यांदा ८० घेऊन रिटेकला ९७ करायची. तिने विचारलं तर एका शिक्षकांनी सांगितलं की ९० च्या वरच्यांनी रिटेक मागायचा नसतो.

बाहेरच्या राज्यातल्यांना यात विशेष काही वाटणार नाही. पण इथे वर्गातल्या क्रमांकाला फार वजन आहे. १९९७ च्या कायद्याने राज्यातल्या शाळांतल्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासला ही रेषा सहा टक्क्यांवर होती आणि २०२६ च्या प्रवेशांपासून ती पाच टक्क्यांवर आली. तिथे दशांश चिन्हानंतरच्या आकड्यावर पोरं वर-खाली होतात. माझी मुलगी त्या रेषेच्या थोडी खाली राहिली. ती आता दुसऱ्या चांगल्या ठिकाणी शिकते आहे, खूश आहे, ती गोष्ट तिने केव्हाच मागे टाकली. माझ्या मनातून जात नाही. ज्याला मागे पडल्यावर पुन्हा शिकायचंय त्याला हजार वेळा संधी द्या. पण त्याच आकड्यावर तुम्ही मुलांची रांगही लावणार असाल, तर नियम सगळ्यांना एकच हवा आणि तो पहिल्या दिवशी लेखी हवा.

अकरावीतली मुलगी, आईच्या लॉगिनवरून

आमच्याकडे रिटेक फक्त बुधवारी शाळा सुटल्यावर असतो. शेवटची बस त्याआधी जाते. मला लहान भावाला शाळेतून आणायचं असतं. वर्षभरात मी एकही रिटेक दिलेला नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे ते देतात. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, आईने आत्ता वाचलं.

डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची आई, वॉशिंग्टन राज्य

आमच्यासाठी रिटेक म्हणजे तीन वर्षं चुकीच्या दाराशी उभं राहणं होतं.

नववीत इतिहासाला ५५, रिटेक, ६०. बायोलॉजीला ५८, रिटेक, ५९. शाळेतले सगळे प्रेमाने वागायचे. "त्याला हव्या तितक्या संधी देऊ," म्हणायचे. तो दर वेळी अभ्यास करायचा, मी समोर बसून घ्यायचे, तोंडी विचारलं की सगळं यायचं आणि कागद हातात आला की तेच. शेवटी तोच मला म्हणाला, "आई, मला अजून एक चान्स नकोय. मला वाचायला वेळ हवाय."

तपासणी झाली, मग ५०४ प्लॅन झाला. ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी सांगते, हे नाव १९७३ च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टच्या कलम ५०४ वरून आलं आहे. अपंगत्वामुळे मूल मागे पडू नये म्हणून शाळेला सोयी द्याव्या लागतात. त्याला दीडपट वेळ आणि प्रश्न वाचून दाखवायची सोय मिळाली. पुढच्या बायोलॉजी टेस्टला ८४. पहिल्याच वेळी.

एकच विनंती करते. मूल मन लावून अभ्यास करून, रिटेक देऊन पुन्हा तिथेच अडकत असेल तर तिसरा रिटेक मागू नका. शाळेला ईमेल करून लेखी तपासणी मागा. तोंडी सांगू नका, लेखी मागा, तारीख घालून. माझ्या मुलाने तीन वर्षं स्वतःला मठ्ठ समजण्यात घालवली आणि ती मला त्याला परत देता येत नाहीत.

रीजेंट्सबद्दल थोडं, न्यूयॉर्क

आमची मुलगी नववीच्या मध्यावर इथे आली. इंग्रजी बोलायला येत होतं, पण गणितातले शाब्दिक प्रश्न कळायचे नाहीत. अल्जेब्रा वनच्या रीजेंट्स परीक्षेला, म्हणजे राज्याच्या परीक्षेला, ६२ पडले, उत्तीर्ण व्हायला साधारणपणे ६५ लागतात. आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं होतं. मग कळलं की ही परीक्षा जानेवारी, जून आणि ऑगस्ट अशी तीनदा होते. ऑगस्टला ती ७८ ने सुटली. राज्याचा पेपर, सगळ्यांना एकच, कुठल्या शिक्षकाच्या मेहेरबानीचा प्रश्न नाही. मला ते फार भावलं. हायस्कूलच्या रीजेंट्स परीक्षा १८७८ पासून चालू आहेत आणि आता हायस्कूलच्या डिप्लोमासाठीची ही सक्ती टप्प्याटप्प्याने काढायचं राज्याने ठरवलं आहे. पुढच्या मुलांना डिप्लोमासाठी अशी एकसारखी मोजपट्टी सक्तीची राहणार नाही, याचं मला वाईट वाटतं. बायकोला वाटत नाही, ती म्हणते पोरीचा उन्हाळा कसा गेला ते आठव.

गणिताचा शिक्षक, मेरीलँड

रिटेकबरोबर "पन्नासचा तळ" हा विषय यायलाच हवा, कारण आमच्यासारख्या ठिकाणी तोच जास्त पेटलेला असतो. ५० च्या खाली गुण लावायचेच नाहीत, असा तो नियम. मी सुरुवातीला कट्टर विरोधात होतो. न केलेल्या कामाला अर्धे गुण? मग एका सहकाऱ्याने फळ्यावर हिशेब मांडला. ए म्हणजे ९० ते १००, बी ८० पासून, सी ७० पासून, डी ६० पासून. प्रत्येकाला साधारण दहाची पट्टी. एफला मात्र शून्यापासून साठपर्यंतची. एखाद्याचे ९०, ९०, ९० आणि एक शून्य, तर सरासरी ६७.५, म्हणजे डी. शून्याच्या जागी ५० धरले तर ८०, म्हणजे बी. तीन वेळा उत्तम काम केलेल्या मुलाला यातला कुठला शेरा जास्त खरं सांगतो?

मला पटवलं ते मात्र एका मुलाने. वडील गेले, तो रात्रपाळीला कामाला लागला, नोव्हेंबरपासून दिसला नाही. जानेवारीत परत आला. शून्यं तशीच ठेवली असती तर उरलेलं सत्र शंभर टक्के काम करूनही तो पास होऊ शकत नव्हता, मी स्वतः आकडेमोड करून पाहिली. मग त्याने वर्गात यायचंच कशाला? ५० धरल्यामुळे दार उघडं राहिलं. तो सी घेऊन सुटला.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. माझ्या वर्गात अशीही मुलं होती जी पहिल्या काही आठवड्यांत गुण साठवायची आणि नंतर हात वर करायची, कारण तळ कुठे आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्याशी बोलायला माझ्याकडे काहीच उरायचं नाही. आमच्या राज्यातल्या मॉन्टगोमेरी काउंटीने २०१६-१७ पासून काउंटीभर सारख्या असलेल्या सत्रअखेरच्या परीक्षा बंद केल्या, तेव्हा वर्षभराचं एकत्र बांधून बघण्याची जागाच गेली, असं माझं मत आहे.

देशाचे आकडेही दोन दिशांना ओढतात. सरकारी ट्रान्सक्रिप्ट (शाळेच्या गुणपत्रकांच्या) अभ्यासात हायस्कूल संपवणाऱ्यांचा सरासरी जीपीए २००९ साली ३.०० होता, २०१९ साली ३.११. त्याच पिढीचे बारावीच्या राष्ट्रीय गणित चाचणीतले गुण मात्र वाढले नाहीत, उलट घसरले. ही कोविडच्या आधीची गोष्ट आहे, हे लक्षात ठेवा. २०२५ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोने समन्यायी ग्रेडिंगची एक योजना मांडली आणि लोकांचा संताप बघून लगेच मागे घेतली. त्या वादात दोन्ही बाजूंनी फार आरडाओरड झाली. माझ्या नजरेसमोर सारखा तो जानेवारीतला मुलगा येत होता आणि त्याच्याच शेजारी बसून फोन बघणारा दुसरा. दोघांना एकच नियम लागू होता.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. अकरावीतल्या लेकी, तुझं वाचून मी शाळेच्या पालकसभेत वेळेचा प्रश्न मांडणार आहे. आमच्याकडे रिटेक मंगळवारी दुपारनंतर असतो आणि उशिराची बस आहे का, हे मला आजवर विचारावंसंही वाटलं नव्हतं.

आता आमचं. मुलाला त्या टेस्टला ६८ पडले. टेक्सासच्या ताईंचा करेक्शनचा कागद मी त्याला वाचून दाखवला. त्याच्या शिक्षकांकडे असं काही नाही, नुसतं नाव नोंदवायचं. मी म्हटलं, नोंदवायच्या आधी एकदा असा कागद भर. आधी कटकट केली, मग जेवणाच्या टेबलावर बसला. पहिल्या प्रश्नापुढे लिहिलं, "घाईत ऋण चिन्ह सुटलं." तिसऱ्यापुढे तेच, पाचव्यापुढे पुन्हा तेच. सातव्याला पेन थांबलं. बराच वेळ पेपर खालीवर करत बसला आणि म्हणाला, "आई, ही घाई नाहीये. कंसाबाहेर वजा असलं की मी आतल्या पहिल्याच पदाचं चिन्ह बदलतो. सगळीकडे."

मग आधीचे तिन्ही शेरे खोडून पुन्हा लिहिले. रिटेक येत्या मंगळवारी आहे. आत्ता पावणेदहा झालेत आणि तो मागच्या युनिटची टेस्ट काढून बसलाय. तीत ८३ होते, तिचा रिटेक नाही. तिथेही तीच चूक आहे का, ते बघतोय.